अकरावी मेख

एसटीच्या मोडक्या कमानपाट्यातून कापलेली.
सातपूरला, रात्रपाळीत, सुपरवायझर चहाला गेला तेवढ्यात
मी तिला भट्टीत लाल केली,
विळ्याला देतात तसं पाणी दिलं
आणि पंचानं आकडा ठोकला: ११.
पंच तिरका बसला.
दुसरा एक पहिल्यावर रेललाय.

मुसळ्या सुळक्यावर तोवर कोणी गेलेलं नव्हतं.
म्हणजे वहीत तसं आहे.
वही शिरीष विसपुत्याकडे असायची, सराफ बाजारात,
गल्ल्याच्या खणात, उधारीच्या वहीखाली.
पहिलं पान: फेब्रुवारी चौऱ्याहत्तर. तीस फुटांवरून परत. आग्यामोहोळ.
आठवडाभर विसपुते सुजल्या डोळ्यांनी
सोनं तोलत होता.

दुसऱ्या पानावर फ्रान्सिस.
शरणपूरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. लांब बोटं.
सातवी मेख तुटली.
माझीच. पाणी जास्त बसलेलं, पोलाद ठिसूळ.
तो वाचला. डावा पंजा पुढे कधी
पट्ट्यांवर पुरता उघडला नाही.
वहीत एवढंच: "मेख तुटली."
कोणाची, ते नाही.
ही विसपुत्याची माणुसकी की विसराळूपणा,
मी विचारलं नाही.

तीन वर्षं मग मी पाणी शिकलो.
पोलाद आधी गव्हाळ होतं, मग जांभळं, मग मोरपंखी.
जांभळ्यातून मोरपंखीत शिरताना उचलायचं.
त्या वेळी मागून कोणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही.

एक्क्याऐंशी. सतरा मेखा.
मला उंचीची भोवळ येते,
कंपनीत बल्ब बदलायला दुसऱ्याला शिडीवर चढवायचो.
पायथ्याला बसलो सुळक्याकडे पाठ करून,
सोमा भोयेच्या शेळ्यांकडे बघत,
आणि नुसतं ऐकलं.
मेख खडकात रुजू लागली की आवाज वर वर जातो:
ठक, ठक, टक, टण,
टिन्.
टिन् आला की पुढची.

अकरावीला आवाज चढेना.
ठक.
ठक.
माझा तंबाखू तळहातावर तसाच.
सोमा म्हणाला, "तठं दगड कुजेल हाय. उजवीकडं घेऊं सांग."
तुला रे काय ठाऊक?
तो शेळीच्या कानातली गोचीड काढत होता.
"आजा जाये. मधाला. वेलाच्या शिडीवर.
तठूनच पडला."
मी तोंड न फिरवता ओरडलो, उजवीकडे!
बऱ्याच वेळानं
टिन्.

वहीत लाल शाईनं: पहिली यशस्वी चढाई. चार नावं.
संध्याकाळी पेढे वाटताना मी सोमाला आज्याचं नाव विचारलं.
त्याला ते माहीत नव्हतं.
त्यानं दोन पेढे घेतले.

पुढची पानं भराभर उलटतात.
त्र्याण्णवला नलू गांगुर्डे, पाचवा महिना पोटात,
हे तिनं खाली उतरल्यावर सांगितलं.
मग कोणी अडीच तासांत, कोणी अनवाणी,
कोणी वर जाऊन लग्नाला मागणी घातली, होकार आला.
विसपुते गेला. वही कुठेशी गेली.
सगळे अकरावीला लटकून दम खायचे,
पाणी प्यायचे, फोटो काढायचे. तिथे जरा ऐसपैस होतं.

परवा नलूची मुलगी घरी आली.
जुन्या मेखा काढतायत, नवे बोल्ट, स्टेनलेसचे.
टीपॉयवर तिनं ठेवली ती: गंजलेली, रेललेला एक.
काहीतरी बोलली. प्रेस शॉपमधल्या तीस वर्षांनी
माझे कान खाल्लेत, मग कागदावर लिहून दाखवलं:
"काका, ही दोन बोटांनी निघाली."

चाळीस वर्षं.
मी तो कागद बराच वेळ धरून बसलो.
ती हसत होती, मग हसायची थांबली.

मग मी मेखेचं टोक दातांत धरलं
आणि तिला खुणेनं चमचा दाखवला. मार.
गंज जिभेवर उतरला.
जबड्यातून, कवटीतून, अगदी आतून
आला:
टिन्.

लोखंड पक्कं होतं.
दगडाचं मी काय सांगू.